तात्पुरतं

मार्चचं भाडं आलं नाही.
आलं ते कोर्टाचं पत्र :
वरच्या मजल्यावरच्या डेल्फिन प्रूइट यांनी
सहाशे चाळीस डॉलर आमच्या खिडकीवर भरले आहेत,
दुरुस्ती होईपर्यंत ते इथेच राहतील.

माझे पैसे. दुसऱ्याच्या कुलपात.
टोलिडो शहरात पन्नास वर्षं काढली,
कुणाचा एक सेंट बुडवला नाही,
आणि काचेच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी ही पोरगी
मला कायदा शिकवणार.

शेजारचा स्टॅन्ली म्हणाला, वांडा, कुलूप बदल,
हीटर बंद कर, तीन दिवसांत जाते बघ.
वकील म्हणाला, यातलं काहीही करू नका,
आणि एवढं सांगायचे नव्वद डॉलर घेतले.

तिची तीन पत्रं होती माझ्याकडे, खोटं कशाला बोलू.
ऑक्टोबर, डिसेंबर, जानेवारी.
फ्रिजवर, टोमॅटोच्या आकाराच्या चुंबकाखाली.
पहिलं उघडलेलं, बाकीची दोन नाही.
पहिल्यात लिहिलं होतं, न्हाणीघरातली फरशी मऊ लागते,
आणि मी मोठ्यानं हसले होते.
फरशी म्हणजे काय पाव आहे?
ते न्हाणीघर कॅझनं स्वतःच्या हातांनी बांधलं.
माझ्या नवऱ्याचं काम कधी पुन्हा करावं लागलं नाही,
हे मी त्याच्या दफनाच्या दिवशीही
चारचौघांत सांगितलं होतं.

मे उजाडला तेव्हा गेले वर,
जिना चढताना भांडण घोळवत.
चांगली चांगली वाक्यं तयार होती.
तिनं दार उघडलं. डोळ्यांत झोप.
बूट काढू नका, म्हणाली, ओलं आहे.

टबाच्या कडेला अळंबी उगवली होती.
एक नाही, पाच. फिकट, माना वाकवलेल्या.
तिच्या सहा वर्षांच्या अमारीनं त्यांना नावं ठेवली होती,
म्हणजे खरीखुरी, माणसांची.
सगळ्यात वाकलेलीचं नाव
मिसेस ओर्लिकोव्स्की.

मी पाय टेकवला.
फरशी पावासारखी दबली.

गुरुवारी प्लंबर हालाझनं भिंत फोडली.
आत पाइपाला गुंडाळलेली सायकलची ट्यूब,
वर तार, तारेला डावा पीळ.
कॅझ डावखुरा होता.
शेजारच्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीनं,
पोलिशमध्ये, त्याच्याच तिरप्या अक्षरात :
तात्पुरतं. ११ मे १९८७.

काय लिहिलंय, हालाझनं विचारलं.
त्याचं नाव, मी म्हटलं.

बत्तीस वर्षं त्या शब्दाखाली झोपले मी.
तो शब्द जोडप्यांना, विद्यार्थ्यांना, एका पाद्र्याला
भाड्यानं दिला,
आणि दर पहिल्या तारखेला हात पुढे केला.
त्या मे महिन्यात त्याच्या कारखान्याला टाळं लागलं होतं.
नव्या पाइपाचे पैसे त्यानं मागितले होते बहुतेक.
मुलीचा कम्युनियनचा झगा शिवायचा होता,
मी पुढच्या महिन्यात म्हटलं असणार.
मीच म्हटलं असणार.

बिल अठराशे सत्तर.
खिडकीवर आम्ही दोघींनी सह्या केल्या,
तीन महिन्यांचं भाडं सुटलं
आणि सरळ हालाझच्या खिशात गेलं.
उरले पन्नास. त्यावर डेल्फिननं पावती काढली :
ब्लीच दोन बाटल्या, बादली एक,
चौदा डॉलर वीस सेंट, भाड्यातून वळते करा.
ब्लीचचे देईन, मी म्हटलं,
बादली तर तुझ्याकडेच राहणार ना?
तिथंच, कोर्टाच्या पायऱ्यांवर,
बादलीवरून आम्ही पंधरा मिनिटं भांडलो.
मग तिनंच मला गाडीतून घरी सोडलं,
माझी बस चुकली होती.

ट्यूबचा तुकडा ठेवलाय मी,
फ्रिजवर, त्याच टोमॅटोखाली.
जाड आहे, चुंबकाला पेलत नाही.
रात्री तो पडल्याचा आवाज येतो.
सकाळी बघू, म्हणते,
आणि कूस बदलते.